विद्यार्थ्यांची निद्रा व आपले कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



सत्काराच्या प्रसंगी चार गोड शब्द बोलावेत आणि वक्त्याने वेळेवर खाली बसावे, हा आपल्याकडील शिरस्ता आहे. त्यातील दुसरा भाग आम्ही निश्चित पाळू; पहिल्याची मात्र हमी देत नाही. चिटणीसांनी भाषणाचा विषय विचारला, तेव्हा आम्ही 'विद्यार्थ्यांची झोप' असे उत्तर दिले. ते हसले आणि म्हणाले, "गुरुजी, झोपेवर भाषण केलेत तर सभा झोपी जाईल." सभा झोपी गेली तरी आम्हांस वाईट वाटणार नाही. आज या मंडपात बसलेल्या तरुणांपैकी कित्येकांना त्या झोपेची खरोखरच गरज आहे.

आम्ही डॉक्टर नव्हे, शास्त्रज्ञ नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण होऊन, शिक्षकाची पदविका घेऊन, सातारा जिल्ह्यातील खेड्यांतून सदतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकविले, एवढीच आमची विद्या. तेव्हा जे सांगणार आहोत त्यातील शास्त्राचा भाग वाचून आणि जाणकारांना विचारून मिळविलेला आहे. बाकीचा भाग आपल्याच वसतिगृहात डोळ्यांनी पाहिलेला आहे.

गेल्या वर्षी मंडळाच्या विद्यार्थी साहाय्य समितीपुढे एक प्रकरण आले. आपल्या ज्ञातीतील एक मुलगा, बारावीस उत्तम गुण मिळवून पुण्यास अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात दाखल झालेला. वडील एस. टी. मध्ये वाहक, घरी दोन एकर कोरडवाहू जमीन. मंडळाने त्याला वसतिगृहात जागा आणि शिष्यवृत्ती दिली. पहिल्याच सत्रात त्याचे दोन विषय राहिले. नियमाप्रमाणे विषय राहिला की शिष्यवृत्ती थांबते. समितीतील काहींचे म्हणणे पडले, 'मुलगा शहरात आल्यावर बिघडला. नियम लावावा आणि मोकळे व्हावे.' आम्हीही त्याच बाजूला झुकलो होतो. केवळ रीत म्हणून, निर्णयापूर्वी कोणीतरी त्याच्याशी बोलावे असे ठरले आणि ते काम आमच्याकडे आले. नाव आम्ही सांगणार नाही. प्रकरण सांगण्यास त्याची संमती घेतलेली आहे.

वसतिगृहात आम्ही दोन रात्री मुक्काम केला. वयपरत्वे आम्हांस मध्यरात्रीनंतर एकदा उठावे लागते. सव्वा वाजता व्हरांड्यातून जाताना पाहिले, तर दिवे सगळे मालवलेले, परंतु बहुतेक खोल्यांच्या तावदानांवर निळसर उजेड हलत होता. त्या मुलाच्या खोलीचे दार अर्धवट उघडे होते. चौघेही जण अंथरुणात; चारही चादरींच्या आतून उजेड झिरपत होता. आवाज नाही, गप्पा नाहीत, हसणे नाही. चार मुले एका खोलीत आणि प्रत्येक जण एकटा. हे दृश्य आमच्या मनातून अद्याप गेलेले नाही.

सकाळी आम्ही त्याला चहाला घेऊन गेलो आणि रागावण्याऐवजी विचारले, "बाळ, रात्री झोपतोस केव्हा?" तो म्हणाला, "गुरुजी, अकराला पडतो. पाचच मिनिटे म्हणून फोन हातात घेतो. मग बघतो तर दीड वाजलेला असतो." काय पाहतोस असे विचारले, तेव्हा त्याने फोनच आमच्या हाती दिला. त्यात वावगे म्हणावे असे काही नव्हते. वर्गातील मुलांचा गट, क्रिकेट, विनोदाच्या चिमुकल्या चित्रफिती, कोणाच्या लग्नातील नाच. फोन आपली नोंदवही आपणच ठेवतो. तीत दिवसाचे साडेपाच तास मांडलेले होते. सकाळी साडेसहाला उठून, साडेसातची बस धरून, आठच्या तासाला तो हजर असे, अर्थात देहाने.

शिक्षकाला हिशेबाची खोड असते. तेथेच चहाच्या टेबलावर आम्ही हिशेब मांडला. दीड ते साडेसहा म्हणजे पाच तास. अठरा ते पंचवीस वर्षांच्या तरुणाला सात ते नऊ तास झोप हवी, असे या विषयातील तज्ज्ञ मंडळी सांगतात. कमीत कमी सातच धरले, तरी रोज दोन तासांची तूट. तीस दिवसांत साठ तास. म्हणजे महिन्यातील आठ पूर्ण रात्री आणि नवव्या रात्रीचा अर्धा भाग तो मुलगा झोपलाच नाही! एखाद्या सावकाराने महिन्याला एवढे व्याज घेतले असते, तर आपण सगळे काठ्या घेऊन धावलो असतो.

आता झोपेत असे काय असते, की तिच्या तुटीने हुशार मुलाचे विषय राहावेत? आमच्या पिढीची समजूत अशी, की झोप म्हणजे यंत्र बंद ठेवणे. जितके कमी बंद ठेवाल तितके काम अधिक. ही समजूत चुकीची आहे. आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते. चरकसंहितेत शरीराला धरून ठेवणारे तीन उपस्तंभ सांगितले आहेत. त्यांत आहाराच्या शेजारी निद्रेला स्थान आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायातही अति झोपणाऱ्यास आणि अति जागणाऱ्यास, दोघांसही, योग साधत नाही असे म्हटले आहे. आधुनिक शास्त्राने त्याला प्रयोगाची जोड दिली. १९२४ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात दोन विद्यार्थ्यांना अर्थहीन अक्षरे पाठ करावयास लावली. पाठांतरानंतर झोपले असता ती जितकी आठवत, तितकी तेवढाच वेळ जागे राहिल्यावर आठवत नसत. पुढे १९५३ साली शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले, की झोपेत ठरावीक अंतराने डोळे पापण्यांआड वेगाने हलतात आणि त्या वेळी मेंदू चांगलाच कार्यरत असतो. त्यानंतरच्या अभ्यासांचा इत्यर्थ असा, की दिवसभर जे शिकलो ते पक्के करण्याचे मोठे काम रात्री झोपेत चालते. शिकविणे दिवसाचे, पण मुरविणे रात्रीचे. बरणीत लोणचे घालून रोज रात्री झाकण उघडे ठेवावे आणि मग ते नासले म्हणून कैरीला दोष द्यावा, तशी आपली गत झाली आहे.

यात फोनचा अपराध नेमका किती, हे न्यायाने पाहिले पाहिजे. अंधार पडू लागला की मेंदूतील एका लहानशा ग्रंथीतून मेलाटोनिन नावाचा स्राव होतो. १९५८ साली अमेरिकेत त्याचा शोध लागला. 'रात्र झाली' अशी दवंडी तो शरीरभर पिटतो, असे म्हणावयास हरकत नाही. आपल्या डोळ्यांच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत, की त्यांचे काम चित्र पाहणे हे नसून दिवस आहे की रात्र हे शरीराला कळविणे आहे. आणि त्या पेशी निळसर प्रकाशाने सर्वांत अधिक चेततात. फोनच्या पडद्यातून हाच प्रकाश येतो. बोस्टन येथील संशोधकांनी बारा निरोगी तरुण माणसांवर एक प्रयोग केला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. झोपण्यापूर्वी काही तास त्यांना पाच रात्री छापील पुस्तक आणि पाच रात्री प्रकाशमान पडद्यावरील पुस्तक वाचावयास दिले. पडद्यावर वाचणाऱ्यांची ती दवंडी सुमारे दीड तास उशिरा वाजू लागली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची सुस्ती वाढली.

परंतु याच प्रयोगात पडद्यामुळे डोळा लागण्यास जो अधिक वेळ लागला, तो दहा मिनिटांच्या आसपास होता. मग आमच्या त्या मुलाचे अडीच तास कोणी नेले? ते प्रकाशाने नव्हे, तर पडद्यावरील मजकुराने नेले. म्हणूनच 'आम्ही पडदा पिवळा करून पाहतो, आता काही बाधा नाही' असे जे विद्यार्थी म्हणतात, त्यांना आमचे सांगणे आहे, की पडद्याचा रंग बदलल्याने घड्याळाचे काटे थांबत नाहीत.

हा मजकूर संपतच नाही, हे त्याचे मुख्य लक्षण होय. वर्तमानपत्राला शेवटचे पान असते. कादंबरीच्या प्रकरणाला शेवट असतो. फोनवरील मजकूर बोट सरकवावे तसा खालून नवा येतच राहतो. ही युक्ती २००६ च्या सुमारास निघाली आणि तिचा जनक असलेल्या अमेरिकन गृहस्थांनी पुढे तिच्याविषयी जाहीरपणे खेद व्यक्त केला. २०१७ साली तर घरोघरी चित्रपट पोहोचविणाऱ्या नेटफ्लिक्स कंपनीच्या प्रमुखांनी, आपली खरी स्पर्धा माणसाच्या झोपेशी आहे, अशा आशयाचे उद्गार काढले होते. बंधूंनो, व्यापारी इतक्या उघडपणे सांगत असता आपण गाफील राहावे, हे आपल्या व्यवहारचातुर्यास शोभत नाही. एका बाजूला जगातील अत्यंत बुद्धिमान माणसांनी रचलेले यंत्र आणि दुसऱ्या बाजूला अंधाऱ्या खोलीतील अठरा वर्षांचे पोर, अशी ही कुस्ती आहे. पोर हरले म्हणून त्याला 'बिघडला' म्हणणे अन्यायाचे आहे.

त्यात त्या वयाचा देहधर्मही लक्षात घेतला पाहिजे. माणसाच्या शरीरात एक घड्याळ असते. त्याची यंत्रणा उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे घड्याळ पौगंडावस्थेत आपोआपच काहीसे मागे पडते. सोळासतरा ते विशीपर्यंतच्या मुलांना रात्री झोप उशिरा येते आणि सकाळी जाग उशिरा येते. तो केवळ आळस नव्हे. परंतु महाविद्यालयाचा तास मात्र आठलाच असतो. रात्रीची बाजू निसर्गाने थोडी ढकललेली, ती फोन आणखी ढकलतो. सकाळची बाजू जागची हलत नाही. मधल्यामध्ये झोप भरडली जाते. मग मुलगा रविवारी दुपारी बारापर्यंत झोपतो, त्यामुळे रविवारी रात्री झोप येत नाही आणि सोमवार पुन्हा कर्जातच उगवतो.

या कर्जाची वसुली केवळ परीक्षेत होत नाही. जागरणाने मुलगा चिडका होतो, जेवणाच्या वेळा मोडतात, मन उदास राहते. आणि एक गोष्ट पालकांनी विशेष ध्यानात घ्यावी. सलग सतरा तास जागलेल्या माणसाची सावधानता, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी खालावते, असे प्रयोगांनी दाखविले आहे. आपल्या देशात वाहन चालविणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. सकाळी सातला उठलेला मुलगा रात्री बाराला दुचाकीवर बसतो, तेव्हा त्याचे सतरा तास भरलेले असतात. दारू न पिणाऱ्या आपल्या सुशील मुलाच्या बाबतीतही हा धोका आहे.

येथवर आम्ही यंत्राचे आणि व्यापाऱ्याचे दोष सांगितले. आता स्वतःचे सांगतो. कारण ते न सांगता बसलो, तर भाषण खोटे होईल.

झोप ही अभ्यासाची वैरीण आहे, असे आम्ही सदतीस वर्षे वर्गात सांगत आलो. रात्री दोनपर्यंत कंदिलापुढे बसणाऱ्या मुलाचे नाव फळ्यावर लिहून त्याची वाहवा केली. नोकरीच्या प्रारंभीच्या काळात आमच्या वर्गात एक मुलगा रोज डुलक्या घेई. आम्ही त्याला बाकावर उभे केले, छडीही दिली. पुढे कळले, की त्या हंगामात तो बापाबरोबर गुऱ्हाळावर रात्र रात्र चुलाणात चिपाडे सारीत असे. आम्ही एकदाही विचारले नाही, की बाळ, तू झोपतोस केव्हा? तो मुलगा चौथीनंतर शाळेत आला नाही. तोच प्रश्न आम्ही या वेळी वसतिगृहात विचारला, तो चाळीस वर्षे उशिरा विचारला, असे आम्हांस वाटते.

दुसरा दोष आजचा आहे. आपल्या मंडळाचा व्हॉट्सअॅपवर एक गट आहे. आपण बहुतेक सर्व जण त्यात आहोत, आमची मुलेही आहेत. त्यात रात्री साडेअकराला 'शुभ रात्री'ची फुले येतात, पहाटे पावणेपाचला 'सुप्रभात'चा सूर्य उगवतो आणि मधल्या वेळेत कोणाचा तरी वाढदिवस लागतो. मध्यरात्री ठीक बारा वाजता शुभेच्छा देणाऱ्यांत आमचेही नाव आहे. आमच्या सूनबाईंनी एकदा शांतपणे विचारले, "बाबा, मुलांना फोन ठेवा म्हणता, आणि बारा वाजता तुमच्या खोलीत उजेड कसला?" आमच्याकडे उत्तर नव्हते.

आमच्या लहानपणी रात्रीला दार होते. रॉकेल संपेल म्हणून कंदील मालवावा लागे. आकाशवाणीची सभा अकराच्या सुमारास आटोपे. १९७२ साली मुंबईस दूरदर्शन आले, त्याचेही कार्यक्रम रात्री ठरल्या वेळी थांबत. घरातील वडील माणूस कडी लावून 'निजा आता' म्हणे आणि सगळे घर निजे. आपण सगळे फार संयमी होतो, असे समजण्याचे कारण नाही. जागण्यासारखे काही उरत नसे, इतकेच. १९९५ साली आपल्या देशात मोबाइल आला, तेव्हा एकेका मिनिटाला पैसे मोजावे लागत. लोक जपून बोलत. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले, इंटरनेट अतिशय स्वस्त झाले आणि ती शेवटची कडीही निघाली. पूर्वी रात्र सर्वांची मिळून राखली जात होती. आता प्रत्येकाने आपली रात्र एकट्याने राखावयाची आहे. जे काम पूर्वी सगळे घर करीत होते, ते आज आपण एकट्या मुलावर टाकले आहे. आमचे सारे म्हणणे या एका वाक्यात आहे.

हे पुन्हा मिळून करता येते, याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने १५ ऑगस्ट २०२२ पासून एक प्रथा सुरू केली. संध्याकाळी सातला देवळावरील भोंगा वाजतो. साडेआठपर्यंत घरोघरी दूरचित्रवाणी आणि मोबाइल बंद. मुलांनी अभ्यास करावा, माणसांनी माणसांशी बोलावे, हा हेतू. ती वेळ झोपेची नाही, हे खरे. परंतु एका घराने न झेपणारी गोष्ट गावाने मिळून केली, हा धडा आपल्या उपयोगाचा आहे.

आता वसतिगृहात काय केले ते सांगतो. समितीने त्या मुलाची शिष्यवृत्ती एका सत्रापुरती चालू ठेवली. रेक्टरसाहेबांचा पहिला विचार रात्री दहाला सर्वांचे फोन जप्त करण्याचा होता. आम्ही म्हटले, अठरा वर्षांच्या मुलाकडून हिसकावलेली वस्तू तो दुप्पट वेगाने परत मिळवितो. म्हणून मुलांचीच सभा बोलाविली. दोन तास वाद झाला. एक जण म्हणाला, प्राध्यापक रात्री अकराला टिपणे पाठवितात. दुसरा म्हणाला, गजर फोनमध्येच आहे. तिसऱ्याचे वडील रात्रपाळीला असतात, घरी आई एकटी. रात्री काही झाले तर? तिन्ही अडचणी खऱ्या होत्या. अखेरीस मुलांनीच ठरविले ते असे : व्हरांड्यात एक लाकडी कपाट, त्यात विजेची बटणे, पावणेअकराला फोन तेथे लावावयाचा आणि सकाळी घ्यावयाचा. प्रत्येक खोलीत एक साधे गजराचे घड्याळ. घरच्यांनी रात्री निकडीचे काम असल्यास रेक्टरसाहेबांच्या दूरध्वनीवर कळवावयाचे. ज्याला फोन जवळ ठेवणे खरोखर आवश्यक आहे, त्याने तसे सांगून ठेवावा, चौकशी नाही. अकरानंतर आलेली टिपणे सकाळी पाहावयाची.

पहिल्या आठवड्यात अठ्ठावीस मुलांपैकी अकराच फोन कपाटात आले. चौथ्या आठवड्यात एकोणीस. अद्याप सगळे येत नाहीत, आणि एकाजवळ दुसरा फोन असल्याचेही उघडकीस आले. तेव्हा विजयाचा डंका आम्ही पिटत नाही. परंतु रेक्टरसाहेब सांगतात, की रात्री दहा ते पावणेअकरा या वेळात व्हरांड्यात पुन्हा गप्पा ऐकू येऊ लागल्या आहेत.

आणि त्या मुलाचे काय झाले? फोन कपाटात ठेवू लागल्यावर पहिले सहा दिवस त्याला झोप आलीच नाही. सातव्या दिवशी तो आम्हांस फोनवर म्हणाला, "गुरुजी, फोन नसला की अंधारात सगळे आठवते." हळूहळू बोलता झाला. मराठी माध्यमातून आलेल्या त्या मुलाला वर्गातील इंग्रजी व्याख्याने उमगत नव्हती. विचारावयाची लाज वाटे. घरी सांगावे तर वडिलांना काय वाटेल, ही धास्ती. रात्री पडल्यावर ती धास्ती उभी राही आणि तिला दूर ठेवण्यासाठी तो फोन हाती घेई. फोनमुळे झोप जाते, हे खरे. परंतु झोप येत नाही म्हणून फोन धरला जातो, हेही तितकेच खरे. आम्ही कपाट केले नसते तर ही गोष्ट कळली नसती, आणि केवळ कपाट करून थांबलो असतो तर मुलगा सुधारला नसता. वसतिगृहातील तिसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी त्याला आठवड्यातून दोनदा संध्याकाळी गणित मराठीतून समजावून देऊ लागला. राहिलेल्या दोन विषयांपैकी एक सुटला. एक अजून राहिला आहे. तो बाराच्या आत झोपतो, असे सांगतो. आमचा त्याच्यावर विश्वास आहे.

शेवटी तीन विनंत्या करतो आणि बसतो.

पहिली विनंती विद्यार्थ्यांना. मित्रहो, परीक्षेच्या आदल्या रात्री जागून जे वाचाल, त्यापेक्षा झोपून जे टिकेल ते अधिक असेल. फोन उशाशी नव्हे, तर हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवा. रविवारी उठण्याची वेळ इतर दिवसांहून फार लांबवू नका. आणि फोन दूर ठेवूनही आठवडे लोटले तरी झोप येत नसेल, मन खचले असेल, तर कोणाला तरी सांगा, डॉक्टरांकडे जा. त्यात कमीपणा नाही. बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेने २०१४ साली अशा सवयींसाठी स्वतंत्र उपचारकेंद्र काढले. अर्थात ही अडचण तुमच्या एकट्याची नाही.

दुसरी विनंती पालकांना. मुलगा किंवा मुलगी परगावी असेल, तर आपला रोजचा फोन रात्री नऊच्या आत करावा. 'अभ्यास झाला का' या प्रश्नाआधी 'झोप झाली का' हा प्रश्न विचारावा. मुलींच्या पालकांना फोनचा आधार वाटतो आणि तो योग्यच आहे. फोन काढून घ्या असे आम्ही म्हणत नाही. आणि घरी असाल तेव्हा मुलांच्या आधी आपला फोन खाली ठेवावा.

तिसरी विनंती मंडळाला. आपला तो व्हॉट्सअॅपचा गट रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत मौन पाळील, असा ठराव आजच्या सभेने करावा. मृत्यूची वार्ता, अपघात आणि रक्ताची निकड, एवढेच अपवाद असावेत. वाढदिवसाच्या शुभेच्छा सकाळी दिल्याने कोणाचे आयुष्य कमी होत नाही. या ठरावाला अनुमोदन देण्यापूर्वी बारा वाजताच्या शुभेच्छांबद्दल आम्ही स्वतः आपली क्षमा मागतो.

आपल्या वाडवडिलांनी पै-पै जमवून हे वसतिगृह उभारले, ते खेड्यातील मुलाला शहरात एक छप्पर मिळावे म्हणून. त्या छपराखाली मुलाला स्वस्थ झोप लागते की नाही, हे पाहणे आता आपले काम आहे. घरातील वडील माणूस कडी लावून 'निजा आता' म्हणे, तो शब्द आज मंडळाने म्हणावा. आणि म्हणण्यापूर्वी आपला दिवा मालवावा.

 सत्कारमूर्ती विद्यार्थ्यांना आमचे अनेक आशीर्वाद.